लाख आणि डोप : मिरजेची तंतुवाद्ये व विमानाचा पंख यांच्या पृष्ठसंस्काराचा तौलनिक विचार

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास सांगावयास घेतला की एक आख्यायिका हटकून पुढे येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरज दरबारी आलेल्या कलावंतांपैकी कोणाचे तरी वाद्य नादुरुस्त झाले. गावात वाद्यकार नव्हता. तेव्हा ते शस्त्रांची निगा राखणारे कारागीर फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे देण्यात आले. त्यांनी ते दुरुस्त तर केलेच, पण पुढे तशीच नवी वाद्ये घडविली, आणि त्यांच्या कुळात तो धंदाच सुरू झाला. आख्यायिकेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. तिचा गाभा मात्र निर्विवाद आहे : आज मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जी घराणी सतारी व तंबोरे बनवितात त्यांतील अनेकांचे मूळ आडनाव शिकलगार असून त्यांचा पूर्वापार व्यवसाय शस्त्रांचा होता.

या स्थित्यंतराचे कारण सामान्यतः राजकीय इतिहासात शोधले जाते, व ते योग्यच आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने खालसा केले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलीसुरली तलवारही परवान्याखाली आली. कृष्णाकाठच्या या टापूत साताऱ्यापासून मिरजेपर्यंत ज्या जहागिरी व संस्थाने होती त्यांच्या शिलेखान्यांवर पोसल्या गेलेल्या कारागिरांचे काम आटले. भूक लागली म्हणजे माणूस धंदा बदलतो, एवढ्यावर हे स्पष्टीकरण थांबते. पण भूक धंदा सोडावयास लावते. नव्या धंद्यात यश देत नाही. शस्त्रधंदा सुटलेले कारागीर महाराष्ट्रात पुष्कळ होते. त्यांतील बहुतेक चाकू, कात्र्या व शेतीची अवजारे यांकडे वळले. लोखंड सोडून भोपळा हाती घेतलेल्या मिरजेच्या शिकलगारांना त्यात एवढी गती कशी लाभली, हा प्रश्न त्यामुळे तसाच उरतो.

उत्तराचा धागा आडनावातच आहे. ‘शिकलगार’ हा शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली चकाकी व फारसी ‘गर’ म्हणजे करणारा यांपासून आला आहे. शिकलगार हा मूलतः लोहार नव्हे. पाते घडविणारा निराळा, आणि घडलेल्या पात्यास सहाणेवर धरून त्याचा पृष्ठभाग सिद्ध करणारा निराळा. शिकलगाराची विद्या ही पृष्ठभागाची विद्या होती : काय घासावे, किती घासावे, कशाने माखावे, ओलाव्यापासून कसे राखावे. शिवाय त्याच्या हाती लाख होती. हिंदुस्थानी तलवारीचे पाते मुठीत बसविताना मुठीच्या पोकळीत वितळलेल्या लाखेचे मिश्रण ओतून त्यात पात्याचे शेपूट रोवीत. मूठ सैल झाली की ती तापवून लाख मऊ करावयाची, पाते काढावयाचे, पुन्हा बसवावयाचे, हे शिकलगाराचे नित्याचे काम. गेंड्याच्या अथवा म्हशीच्या कातड्याच्या ढालींवरही लाखेचे थर चढवून त्या पावसापासून राखल्या जात. म्हणजे फरीदसाहेबांच्या पिढीने भोपळ्यावर लाख चढविली तेव्हा वस्तू नवी होती, द्रव्य जुने होते. शस्त्राकडून वाद्याकडे झालेली ही उडी वाटते तेवढी लांब नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि ते पटण्यासाठी हलक्या, पोकळ वस्तूवर पातळ आवरण चढवून ते बंद करणे ही क्रिया नेमकी काय आहे ते थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

तंबोऱ्याची रचना सर्वपरिचित आहे. खाली कडू भोपळा, त्याच्या उघड्या तोंडावर लाकडाची पातळ तबली, गळ्यापाशी जोडलेली पोकळ दांडी. भोपळे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील भीमाकाठच्या भागातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. लाकूड तुणाचे. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापून आतील गर काढतात, तोंडाचा आकार राखण्यासाठी आत बांबूच्या काड्या ताणून बसवितात आणि तो पुन्हा वाळू देतात. या सर्व घटकांत एक गुण समान आहे : ते वजनाच्या मानाने कणखर आहेत आणि हवेतील ओलावा झटकन शोषतात. पहिल्या गुणासाठी ते निवडले गेले; दुसरा गुण त्याच्या पाठोपाठ आला. ज्या पदार्थाच्या पेशी पोकळ म्हणून तो हलका, त्याच पेशी पाण्यास वाट देतात. ओलाव्याने तबली फुगते, दांडी किंचित वाकते, तारा उतरतात. तेव्हा लेप हा शोभेसाठी नंतर सुचलेला विषय नव्हे. लेपाशिवाय हे वाद्य चार पावसाळे सुरात राहणार नाही.

हाच प्रश्न, याच शब्दांत, विमानविद्येच्या आरंभकाळात उभा राहिला होता. १८४८ या वर्षी, म्हणजे साताऱ्याचे राज्य गेले त्याच वर्षी, इंग्लंडमधील चार्ड येथे जॉन स्ट्रिंगफेलो याने वाफेच्या छोट्या यंत्रावर चालणारी विमानाची प्रतिकृती लेसच्या गिरणीच्या मोकळ्या दालनात उडविण्याचा प्रयोग केला. तिच्या पंखांवर रेशमी कापड होते. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्युइलरी उद्यानात आल्फोंस पेनो या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारी प्रतिकृती अकरा सेकंद हवेत ठेवली व सुमारे ४० मीटर अंतर कापले. विमान स्वतःच स्वतःचा तोल राखू शकते हे त्यातून प्रथमच स्पष्ट दिसले. पुढे राईट बंधूंनी १९०३ चे आपले यंत्र साध्या मलमलीने मढविले, आणि तिच्यावर कोणताही लेप दिला नाही. विणीतून हवा झिरपत असे, दमट हवेत कापड ढिले पडे. उड्डाण काही सेकंदांचे होते तोवर हे चालून गेले. तास दोन तास हवेत राहावयाची वेळ आली तेव्हा मात्र कापडाची छिद्रे बुजविणे व ते ताणलेले ठेवणे अपरिहार्य झाले. खळ, साबुदाण्याची पेज, रबर, दुधातील केसीन असे नाना पदार्थ लावून पाहण्यात आले. अखेर उपाय सापडला तो कापसाच्या रसायनात.

कापसावर नत्राम्लाची क्रिया केली असता नायट्रोसेल्युलोज तयार होते. ते अॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून कापडावर फासले की द्रावक उडून जाते व मागे पातळ, जलरोधक पापुद्रा राहतो. या द्रावणास ‘डोप’ हे नाव पडले. त्याचा विशेष असा की वाळताना हा पापुद्रा आकसतो आणि आपल्याबरोबर कापडासही आकसवितो. ढिले बसविलेले कापड दोन-तीन हातांनंतर ढोलकीच्या पुडीसारखे वाजू लागते. एकाच क्रियेत छिद्रे बुजली व ताणही आला. नायट्रोसेल्युलोज भयंकर ज्वालाग्राही असल्याने त्याऐवजी सेल्युलोज अॅसिटेट वापरण्याची पद्धत जर्मन रसायनज्ञ आर्थर आयशेनग्रून याच्या ‘सेलॉन’ या द्रव्याने १९०९ च्या सुमारास रूढ होऊ लागली. (आयशेनग्रून ज्यू होता. हिटलरच्या राजवटीत औषधनिर्मितीच्या इतिहासातून त्याचे नाव गाळले गेले, वृद्धापकाळी त्याला छळछावणीत राहावे लागले, आणि अॅस्पिरिनच्या शोधातील आपला वाटा सांगणारा लेख त्याने १९४९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध केला. लेप देणाऱ्यांची नावे इतिहासात टिकत नाहीत, याचे हे एक टोकाचे उदाहरण.)

प्रतिकृतींच्या पंखात हीच क्रिया आणखी सूक्ष्म प्रमाणावर चालते, आणि म्हणून ती अभ्यासास सोयीची आहे. सांगाडा बाल्सा या दक्षिण अमेरिकेतील झाडाच्या लाकडाचा. एक घनमीटर बाल्साचे वजन सरासरी १६० किलोग्रॅम भरते. तुणाचे त्याच्या तिप्पट. सांगाड्यावर चढवावयाचा कागद हा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला जपानी पद्धतीचा टिश्यू. तो इतका पातळ की एका चौरस मीटरचे वजन दहा-बारा ग्रॅम भरावे. प्रथम लाकडाच्या ज्या कडांना कागद टेकणार त्यांवर डोपचा हात देतात, वाळल्यावर बारीक पॉलिशकागदाने घासतात, पुन्हा हात देतात. कागदाच्या तंतूंची दिशा पंखाच्या लांबीस धरून ठेवतात, कारण कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसतो. तो आडवा लावला तर दोन फासळ्यांमध्ये सुरकुत्या राहतात. कडा चिकटल्या की पाण्याचा हलका फवारा. ओला कागद लोंबतो, वाळताच ताणला जातो. त्यानंतर पातळ केलेल्या डोपचे दोन किंवा तीन हात. या वेळी पंख सपाट फळीवर टाचण्यांनी खिळवून ठेवावा लागतो, नाहीतर आकसणारा कागद बाल्साच्या सांगाड्यास पीळ देतो, व पीळ पडलेला पंख सरळ उडत नाही.

येथे एक देशी द्रव्य प्रवेश करते. डोपचे आकसणे प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून त्यात थोडे एरंडेल घालतात. एरंडेल उडून जात नाही. ते पापुद्र्यात मुरून राहते व त्यास लवचिक ठेवते. पहिल्या महायुद्धात फिरत्या सिलिंडरच्या विमानइंजिनांना वंगण म्हणून एरंडेलाची प्रचंड गरज लागली, आणि त्यासाठी हिंदुस्थानातून एरंडीचे बी जहाजे भरून गेले. त्याच तेलाचे काही थेंब पंखावरच्या डोपमध्येही होते. युद्धाच्या इतिहासात तोफा व सेनापती यांचे वर्णन पानेच्या पाने येते, एरंडाचा उल्लेख क्वचित. पण हा विषयान्तर येथेच थांबविणे बरे.

आता तुलना करता येईल. पंख व तंबोरा या दोहोंत सांगाडा हलका, आवरण पातळ, शत्रू ओलावा. लेपाचे वजन दोन्हीकडे जाचक : पंखावर जादा डोप चढला तर विमान जड होते, तबलीवर जादा लाख चढली तर नाद दबतो. परंतु एका बाबतीत दोन्ही वस्तूंची गरज अगदी उलट आहे. पंखास ताण हवा, तबलीस तो नको. पंखावरील कागद दोन फासळ्यांमध्ये खोल गेला तर पंखाचा आकारच बिघडतो, म्हणून आकसणारा लेप हे तेथे वरदान ठरते. तबली ही स्वतःच्या जाडीवर उभी असलेली पातळ फळी आहे. तारांचा भार घोडीवाटे तिच्यावर येतो, आणि तिने मोकळेपणी कंप पावावे अशी अपेक्षा असते. तिच्या एकाच अंगास आकसणारा पापुद्रा लावला तर ती ओढली जाईल. लाख येथे उपयोगी पडते ती नेमकी यासाठी. स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेचा अत्यंत पातळ थर देता येतो. तो वाळताना पृष्ठभागास डोपसारखा खेचत नाही. पाण्याच्या वाफेस अडविण्याची त्याची शक्ती तेल किंवा मेण यांच्याहून पुष्कळ अधिक आहे. ज्याने पंखासाठी लाख निवडली असती तो फसला असता, व ज्याने तबलीसाठी डोप निवडला असता तोही.

लाखेचे काम महाराष्ट्रात दोन रीतींनी होत आले आहे. सावंतवाडीची खेळणी, पाट व पाळण्यांचे खूर प्रसिद्ध आहेत. खरादावर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. ही रीत गोल व कातलेल्या वस्तूंपुरती मर्यादित आहे. भोपळा खरादावर चढत नाही, त्याचा आकार प्रत्येक वेळी निराळा. आणि कातड्याची ढाल जशी तापवून चालत नाही तसा जोडलेला, सरसाने चिकटविलेला तंबोराही तापवून चालत नाही. तेथे विरघळविलेली लाखच हवी. कापडाची पुरचुंडी लाखेच्या द्रावणात भिजवून, हात न थांबविता, पृष्ठभागावर गोल फिरवीत जावयाचे. हात थांबला की पुरचुंडी चिकटते व डाग पडतो. एक फेरी वाळावी, घासावी, पुन्हा दुसरी. मिरजेच्या जुन्या वाद्यांचा तो खोल, मधाळ तांबूस रंग अशा अनेक फेऱ्यांतून येतो. सहाणेवर पाते धरणाऱ्या हातास ही न थांबण्याची शिस्त वेगळी शिकवावी लागली नसावी.

दोन्ही लेपांचा एक दोषही समान आहे. दमट दिवशी डोप लावला तर तो दुधासारखा पांढरा पडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील वाफ त्यावर उतरते व पापुद्र्यात अडकते. लाखेचे पॉलिशही ओल्या हवेत असेच पांढुरके होते. या दृष्टीने जुन्या सातारा जिल्ह्याच्या भूगोलाकडे पाहणे उद्बोधक आहे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस जाता जाता तो इतक्या वेगाने घटतो की मिरजेच्या वाट्यास सुमारे ६०० मिलिमीटर येतो. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे तालुके व विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाने ओढलेल्या या रेषेच्या दोन्ही अंगांस घाट आणि दुष्काळी माण एकत्र नांदतात. तूण वाढतो तो सह्याद्रीच्या ओलसर उतारांवर. लाकूड व भोपळा नीट वाळतो आणि लेप स्वच्छ बसतो तो पर्जन्यछायेत. मिरजेचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. राजाश्रयाइतकेच या कोरड्या हवेचेही श्रेय मानले पाहिजे, जरी दरबारी बखरीत तिला जागा मिळालेली नाही.

राजाश्रय व संगीत यांचा भाग सुपरिचित असल्याने थोडक्यात सांगितला तरी चालेल. मिरज संस्थानचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन हे संगीताचे जाणते होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर तेथेच त्यांच्यापाशी शिकून १८९६ मध्ये बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरातील तंबोरा आता वर्गावर्गांत लागू लागला. मागणी वाढली ती अशी. अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले, आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चांगला होता. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची स्मृती राखली गेली. त्यांच्या आवाजाच्या जुन्या ध्वनिमुद्रिकाही लाखेच्याच होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यास विनाइल येईपर्यंत जगातील बहुतेक ध्वनिमुद्रिकांत लाख असे, आणि ती लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पळस व कुसुंबाच्या झाडांवरून येई. गायकामागील तंबोऱ्याची झिलई आणि त्या गाण्याची तबकडी या एकाच किड्याच्या उत्पन्नातून झाल्या होत्या.

याच काळात सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडण्याचा उद्योग आरंभिला. त्यांचा इंग्रजी प्रबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेल्या ई. क्लेमेंट्स यांनी ते काम पुढे चालविले. त्यांचे निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरले, व तो वाद येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत आहे ती त्या उद्योगामागील श्रद्धा : की तार, लाकूड व घोडी ही मोजमापाची साधने होऊ शकतात. सकाळी जुळविलेला स्वर दुपारपर्यंत जागचा हलतो अशा वाद्यावर श्रुतींचे गुणोत्तर कोणी मोजावयास बसणार नाही. श्रुतींविषयीच्या चर्चेत तबलीवरच्या लाखेचा उल्लेख आढळत नाही, तरी त्या चर्चेस ती पायाभूत होती.

तंबोऱ्यावर डोपचे एक भावंडही आहे. तबलीच्या कडेने व दांडीवर ज्या पांढऱ्या, कोरीव पट्ट्या बसवितात त्या पूर्वी हस्तिदंताच्या असत. हस्तिदंत महागले, आणि १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने काढलेले सेल्युलॉइड त्याच्या जागी आले. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज व कापूर. डोपमध्ये जे काम एरंडेल करते ते येथे कापूर करतो. म्हणजे पंखावर द्रवरूपाने फासले जाणारे द्रव्यच मिरजेत पट्टीच्या रूपाने आले, कोरले गेले, त्यात रंग भरला गेला. त्याचा आकसण्याचा स्वभाव मात्र सुटला नाही. दशकामागून दशके कापूर उडत जातो, पट्टी आखडते, सांध्यापाशी फट पडते किंवा ती तडकते. पंखावर जो गुण तोच येथे दोष झाला. पुढे हस्तिदंताच्या व्यापारावरील कायद्याचे निर्बंध कडक होत गेले तेव्हा पर्याय उरला तो निरनिराळ्या प्लॅस्टिकांचाच.

लेप देणाऱ्या हातांचा विचार केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी इंग्लंडमधील विमानकारखान्यांत अॅसिटेटचा डोप टेट्राक्लोरोइथेन या द्रावकात कालवीत. ते स्वस्त होते, व पापुद्रा छान ताणला जाई. बंद शेडमध्ये दिवसभर ब्रश चालविणारे कामगार, ज्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, काविळीने आजारी पडू लागले आणि काही दगावले. या वाफेने यकृत निकामी होते हे १९१४-१५ मध्ये तपासाअंती सिद्ध झाले, आणि युद्ध चालू असतानाच त्या द्रावकाचा वापर सोडून द्यावा लागला. मृत्यूची वार्ता उडणाऱ्याची असो वा लढणाऱ्याची, ती वर्तमानपत्रात येई. पंख रंगविणारीची फारशी येत नसे. लाखेचा लेप त्या मानाने सौम्य. स्पिरिटाची वाफ व घासताना उडणारी धूळ हा त्याचा त्रास, तोही लहानशा खोलीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यास कमी नव्हे.

महाराष्ट्राचा या दुसऱ्या लेपाशी संबंध आला तो उशिरा, आणि बंगलोरमार्गे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले व गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे त्या कारखान्याचे प्रमुख आरेखक. त्यांच्या कारकीर्दीत १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान उडाले. त्याचे आवरण कापडाचे व लेप डोपचा. देशातील फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेने प्रतिकृतिविमानांचा विषय अभ्यासक्रमात घेतल्यामुळे बाल्सा, टिश्यू व डोप ही नावे जिल्ह्याच्या गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोचली. बाल्सा परदेशी व दुर्मीळ. पण कागद ताणणे, पुसट ब्रशाने लेप देणे व हवेचा ओलावा पाहून दिवस निवडणे या गोष्टी कोणत्याही मिरजकर कारागिरास समजावून सांगाव्या लागल्या नसत्या.

आता दोन्हीकडे जुने लेप मागे पडत आहेत. प्रतिकृतींवर टिश्यू व डोपऐवजी इस्त्रीच्या उष्णतेने आकसणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा गेल्या अर्धशतकात सर्वत्र रूढ झाला. मोठ्या विमानांवर सुती वा लिनन कापडाची जागा पॉलिएस्टरने घेतली. लाकूडकामात मेलामाइन व पॉलियुरेथेन आले. ते लवकर वाळतात, चरा पडू देत नाहीत, चकाकतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि त्यामुळे ‘मिरजेचे वाद्य’ म्हणजे नेमके काय हा प्रश्न केवळ रसिकांचा राहिला नाही. त्या व्याख्येत भोपळा, लाकूड व कारागिरी यांच्याबरोबर लेपाचाही विचार झाला पाहिजे. त्याचे कारण सौंदर्याचे नसून दुरुस्तीचे आहे. तंबोरा ही पिढ्यांची वस्तू. पन्नास-साठ वर्षांचे वाद्य पुन्हा मिरजेस येते, तबली उघडली जाते, सांधे नव्याने बसतात. लाख स्पिरिटात पुन्हा विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. डोपचेही तसेच आहे : योग्य द्रावकाने जुना पापुद्रा मऊ करून त्यावर नवा चढविता येतो. पॉलियुरेथेन एकदा घट्ट झाले की कशातच विरघळत नाही. ते खरवडूनच काढावे लागते, आणि खरवडताना तबलीची जाडी जाते. म्हणून जुने वाद्य हाती आले की त्यावर आधी कोणता लेप आहे हे ठरवावे लागते. खूण सोपी आहे. घोडीखालच्या न दिसणाऱ्या जागी स्पिरिटात भिजविलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवावयाचा : लाख असेल तर बोळा तांबूस होतो व बोटास चिकट लागते, नसेल तर तो कोरा निघतो, आणि मग पॉलिशकागद हाती घ्यावा लागतो.